मधली फळी

कुताईसीत, रिओनीच्या डाव्या काठावर,
पाचवा मजला, लिफ्ट बंद.
मी चढलो. खिशात मेमरीच्या दोन पट्ट्या,
एका दंतवैद्याच्या मेलेल्या मशीनमधून काढलेल्या,
चॉकलेटच्या चांदीत गुंडाळून.

नानुली दारातच म्हणाली,
"त्याला रागावू नकोस, पोरा. म्हातारा झालाय, एवढंच."

झाकण काढलं. आत मांजराचे केस,
पंख्यावर धुळीचा जाड पापुद्रा,
आणि कसा कोण जाणे, शर्टाचा एक बटण.
बटण तिने ओळखलं. काही न बोलता
एप्रनच्या खिशात टाकलं.

"आठवण वाढवतोयस ना? मग माझीही जरा वाढव."
हा विनोद मला प्रत्येक जिन्याच्या वर भेटतो.
मी ठरलेलं उत्तर दिलं:
आठवणी इथे नसतात हो. त्या तिकडे, चकतीवर,
कपाटात असाव्यात तशा.
हे नुसतं टेबल.
एका वेळी किती पसारा मांडता येईल, तेवढंच बघायचं.
वीज गेली की टेबल पुसलेलं.

ती जरा वेळ बघत राहिली.
मग दारामागून एक फळी ओढत आणली,
अक्रोडाच्या लाकडाची, एका कडेला दोन खुंट्या.
"अशी?"

जेवणाचं टेबल मधून फाकवून बसवायची ती फळी.
ती घातली की वीस माणसं मावायची.
शेवटची घातली वालेरीकोच्या चाळिसाव्या दिवशी.

अशीच, मी म्हणालो.

मुलीच्या कंपासपेटीतला खोडरबर काढला,
पट्टीचे सोनेरी दात घासले,
खाचेला खाच लावली, दाबलं.
सुरू केलं तर तीन शिट्ट्या आणि काळा पडदा.
नानुलीने छातीवर क्रूस काढला.
पुन्हा उपसली, पुन्हा दाबली, या वेळी अंगठ्याचं पूर्ण वजन देऊन.
खट्. दुसऱ्या बाजूनेही खट्.

चौतीस वर्षं वालेरीको रोज सकाळी
पुलाखाली जाऊन नदीची उंची मोजायचा.
सरकारी नोकरी, सरकारी वह्या,
पण सरकारने त्या कधी नेल्या नाहीत.
त्याच्या मागे नानुलीने दोन बोटांनी
सगळं या मशीनमध्ये उतरवलं. बारा हजारांवर ओळी.
तेव्हापासून मशीन रखडतंय. साहजिक आहे,
अख्खी नदी प्यायल्यावर कोण धावेल?

मी फाइल उघडली. लगेच उघडली.
उंदराचं चाक जरा फिरवलं आणि पडदा वाहू लागला.
एकशे बेचाळीस, एकशे चव्वेचाळीस, एकशे एक्केचाळीस,
उन्हाळे, बर्फ वितळण्याचे महिने,
मग तीनशे नव्वद. ती ओरडली, "पूर! अंगणात मासे आलेले!"
पण पूर तोवर निघून गेला होता.
"थांबव. थांबव ना.
तो एवढ्या घाईत कधी चालला नाही."

मी बोट उचललं.
थांबलो तिथे नेमकी एक ओळ रिकामी.
या दिवशी काय झालं?

"आमचं लग्न," ती म्हणाली.
"त्या दिवशी नदीला कोणी विचारलं नाही."

पैसे अर्धेच घेतले, बाकीचा हिरव्या अक्रोडांचा मुरंबा.

आठवड्याने तिचा फोन आला.
आधी मशीन जागं व्हायला अकरा मिनिटं लागायची.
तेवढ्यात कॉफी होई, कुंड्यांना पाणी जाई,
खालच्या त्सियालाला हाक मारून भांडून होई.
आता कॉफी चुलीवर असतानाच
नदी समोर येऊन उभी राहते.
"पोरा, यातली एक पट्टी काढता येते का?"

येते, म्हणालो. येतो म्हणालो नाही.
मुरंबा निम्म्यावर आलाय.
बरणी परत द्यायला तरी
एकदा जावं लागेल.